कोऱ्या पानावरच्या सह्या

विवाहित व्यक्ती घरातून नाहीशी झाली की तपास अधिकाऱ्याची पहिली नजर जोडीदाराकडे वळते आणि ती वळायलाच हवी, कारण शेवटच्या काही तासांत घरात काय घडले हे सांगू शकणारा बहुधा तो एकटाच असतो. पत्नी आदल्या दुपारपासून बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन एक गृहस्थ सकाळीच पोलीस ठाण्यात आले, तेव्हा मी त्यांचा जबाब स्वतः नोंदवला आणि लगेच पथक घेऊन त्यांच्या घरी गेले. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावे लागते, असा समज अजूनही अनेकांचा असतो. तसा नियम नाही. उलट शोधाच्या दृष्टीने पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात.

त्यांचा जबाब नेटका होता. पत्नीने घातलेले कपडे, चपला, उंची, गालावरचा तीळ, सगळे त्यांनी न अडखळता सांगितले. खटकली ती एक गोष्ट. तिचे काही बरेवाईट झाले असेल का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. "मोबाइलचे लोकेशन किती वेळात मिळेल, मॅडम?" हा एकच प्रश्न ते शब्द बदलून विचारत राहिले. पत्नीचा फोन बंद होता आणि त्याची शेवटची नोंद शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टॉवरवर होती. टॉवरच्या नोंदीवरून फोन साधारण कोणत्या परिसरात होता एवढेच कळते. तो कोणाच्या हातात होता, हे कळत नाही. त्यामुळे घातपाताची शक्यता मी बाजूला ठेवू शकत नव्हते.

संध्याकाळी न्यायवैद्यक पथकाने खिडक्या झाकून, दिवे मालवून न्हाणीघरात ल्युमिनॉल हे रक्ताचा माग दाखवणारे रसायन फवारले आणि जवळजवळ सगळी फरशी निळी उजळली. दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या तोंडून "मारलीच हिला" असे शब्द निघून गेले. मात्र ही चकाकी डोळ्यांनी वाचावी लागते. 1937 साली वाल्टर श्पेख्ट या जर्मन शास्त्रज्ञाने रक्त शोधण्यासाठी ल्युमिनॉलची उपयुक्तता दाखवून दिली, तेव्हापासून ते जगभर वापरले जाते. रक्तातील हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ही रासायनिक क्रिया घडते. तीच क्रिया ब्लीचमुळेही घडते. रक्त असेल तर शिंतोडे, ओघळ, पुसल्याचे फराटे असे आकार दिसतात आणि उजेड काही सेकंद टिकून राहतो. इथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखाच, क्षणभर लखलखून विझणारा उजेड होता. खात्रीसाठी फरशीच्या सांध्यांतून आणि जाळीखालून नमुने घेऊन रक्ताची दुसरी प्राथमिक चाचणी केली; तिच्यात रक्त असेल तर नमुना गुलाबी होतो. एकही नमुना गुलाबी झाला नाही. म्हणजे फरशी ब्लीचने धुतली होती, आणि तीही नुकतीच. कोणी व कशासाठी, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

पथक न्हाणीघरात असताना मी कपाटापाशी गेले. अशा घरात काय उरले आहे याच्याइतकेच काय गेले आहे हेही पाहावे, असे मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगते. दागिने जागच्या जागी होते. लग्नाचा अल्बम होता. गेली होती ती शिक्षणाची प्रमाणपत्रे, चष्म्याच्या नंबरचा कागद, थायरॉइडच्या गोळ्या आणि फक्त तिच्या नावावर असलेल्या बचत खात्याचे पासबुक. पत्नी पळून गेली असा देखावा उभा करणारा माणूस कपडे आणि बॅग हलवतो. तिच्या गोळ्या संपत आल्या आहेत की नाहीत, हे सहसा त्याच्या ध्यानातही येत नाही. ही बाई स्वतः, विचार करून, उद्याच्या दिवसाची तयारी करून निघाली होती, याविषयी माझ्या मनात तेव्हाच फारशी शंका उरली नाही.

मग ती का गेली?

उत्तर टेबलावरच्या वहीत होते. वरची काही पाने फाडलेली होती आणि पुढचे पान कोरे होते. मी टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा त्या पानावर सावल्यांच्या बारीक रेषा उमटल्या: तिची सही, एकाखाली एक, पान भरून. स्वतःची सही माणूस झरकन करतो, त्यामुळे पेनाचा दाब रेघेबरोबर कमी-जास्त होतो. गिरवलेली सही संथ असते. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो, पेन भलत्याच ठिकाणी उचललेले दिसते. या पानावरचे वळ सारखेच खोल होते आणि आडनावातल्या एका वेलांटीपाशी हात दर वेळी थबकला होता. वही जप्त करून हस्ताक्षरतज्ज्ञांकडे पाठवली. दोघांच्या नावावरचे ते घर तारण ठेवून मोठे कर्ज उचलले गेल्याचे पुढच्या चौकशीत उघड झाले. कागदपत्रांवर सहकर्जदार म्हणून पत्नीची सही होती.

तिच्या कॉलच्या नोंदींत गेल्या काही महिन्यांत एक क्रमांक पुन्हा पुन्हा येत होता. तो महिलांच्या एका निवारागृहाचा निघाला. मी साध्या वेशात तेथे गेले. ती शांत होती, फक्त माझ्यामागे आणखी कोणी आले आहे का, हे दोनदा वाकून पाहिले. कर्जवसुलीची नोटीस हाती पडल्यावर तिला सगळे कळले होते, आणि जाब विचारल्यावर तिच्या येण्याजाण्यावर व फोनवर पाळत सुरू झाली होती. न्हाणीघराविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, जायच्या आधी सगळे घर स्वच्छ केले. पुन्हा यायचे नव्हते ना."

सज्ञान व्यक्ती स्वेच्छेने घर सोडून गेली असेल, तर ती सुखरूप आहे एवढे नातेवाइकांना सांगावे आणि पत्ता तिच्या संमतीशिवाय देऊ नये. या प्रकरणात त्या सावधगिरीला फार मोठा अर्थ होता. पतीला पत्नी हवी होती ती जबाब देण्याआधी, आणि तिला गाठण्यासाठी त्यांनी पोलिसांचाच वापर करायचे ठरवले होते. हरवल्याची तक्रार हे पाठलागाचेही साधन होऊ शकते, हे प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या मनावर ठसलेले असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

मी त्यांना बोलावून पत्नी सुखरूप असल्याचे सांगितले. "कुठे आहे?" असे त्यांनी ताबडतोब विचारले. "ते सांगायचे की नाही, हे त्या ठरवतील," असे म्हणून मी वहीच्या त्या पानाचे छायाचित्र त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग वकिलांना फोन करण्याची परवानगी मागितली.

पत्नीच्या फिर्यादीवरून बनावट सह्या आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. तज्ज्ञांचा अहवाल आल्यावर वही, कर्जाचे मूळ कागद आणि तिच्या नमुना सह्या एकत्र करून दोषारोपपत्र न्यायालयात सादर केले. तिचा सध्याचा पत्ता मात्र आरोपीला मिळणाऱ्या कोणत्याही प्रतीत येणार नाही, याची खबरदारी मी प्रत्येक पान स्वतः तपासून घेतली.