गोळा दाबला की लघवी होते

सत्तरीकडे झुकलेले एक शेतकरी काका मुलाबरोबर ओपीडीत आले. उजव्या जांघेतला गोळा बरीच वर्षं जुना, आता खाली वृषणकोशापर्यंत उतरलेला. हातातल्या चिठ्ठीवर 'हायड्रोसील', म्हणजे वृषणाभोवती साठलेलं पाणी, असं लिहिलेलं, आणि सुईने पाणी काढून मिळेल का, एवढंच मुलाला विचारायचं होतं.

असा रुग्ण आला की गोळ्याला हात लावण्याआधी मी लघवीचं विचारतो. मुलासमोर काका नीट बोलेनात, म्हणून त्याला बाहेर थांबायला सांगितलं. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक, सुरुवातीला कुंथावं लागतं. पन्नाशीपुढच्या निम्म्या पुरुषांचं गाऱ्हाणं हेच असतं. मग विचारलं, "काका, एकदा होऊन गेल्यावर पुन्हा लागते का?"

"लागते की. पण तशी होत नाही डॉक्टरसाहेब. गोळा वर दाबून धरला की मग होते. आणि झाली की गोळा बी जरा बसतो."

या उत्तराने तपासणीची दिशाच बदलली. दोन टप्प्यांत लघवी होणं, दुसरा टप्पा गोळा दाबल्यावर होणं आणि त्यानंतर गोळा लहान होणं, हे तिन्ही जुळलं की हर्नियात, म्हणजे पोटाची भिंत फाकून बाहेर आलेल्या गोळ्यात, मूत्राशय उतरलेलं असण्याची शक्यता फार मोठी असते. जांघेच्या हर्नियांपैकी सुमारे १ ते ४ टक्क्यांत मूत्राशयाचा काही भाग असतो, आणि लठ्ठ, पन्नाशीपुढच्या पुरुषांत हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. बहुतेकांचं निदान थेट ऑपरेशन टेबलावरच होतं, कारण आधी कोणी विचारलेलं नसतं.

तपासताना गोळ्याच्या वर बोटं मिळेनात. निव्वळ हायड्रोसीलमध्ये ती मिळतात. खोकल्यावर धक्का जाणवला. टॉर्च लावल्यावर खालचा भाग उजळला, आणि गफलत होते ती इथेच, कारण पाणी असो की लघवी, उजेड दोन्हींतून पार जातो. अशा गोळ्यात सुई घातली तर ती मूत्राशयात जाते, शेजारी आतडं असेल तर आतड्यातही. गुदमार्गातून बोटाने तपासल्यावर प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, मोठी लागली, पण मऊ आणि गुळगुळीत.

सोनोग्राफीला पाठवताना चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं की लघवीआधी आणि लघवीनंतर, पोट आणि वृषणकोश दोन्ही बघावं. फक्त ओटीपोट पाहिलं तर उरलेली लघवी कमी मोजली जाते. काकांच्या ओटीपोटात लघवीनंतर १८० मिली उरली होती, आणि जवळपास तितकीच खाली वृषणकोशात. प्रोस्टेट ५८ ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांना सूज, आणि मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.१. हर्निया हा काकांचा छोटा प्रश्न होता, मोठा प्रश्न मूत्रपिंडांचा होता.

दोन्ही आजार एकमेकांना कसे पोसतात, हे मी मुलाला कागदावर चित्र काढून दाखवलं. प्रोस्टेट वाट अडवते, म्हणून माणूस दर वेळी कुंथतो. तो जोर जांघेतल्या कमकुवत भिंतीवर येतो. त्या भिंतीच्या आतल्या अंगालाच मूत्राशय असतं, सतत तुंबून सैल झालेलं. भिंत फाकली की तेही सरकतं. एकदा खाली उतरलं की त्या भागातली लघवी बाहेर पडत नाही, संसर्ग होतो, खडे धरतात, आणि माणूस आणखी जोर करतो. अशा वेळी नुसता हर्निया शिवला तर कुंथणं सुरूच राहतं, तो परत येऊ शकतो, आणि कमरेत भूल दिल्यावर लघवी पूर्ण तुंबण्याची भीती असते ती वेगळीच.

पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीचं रक्त आधी घेतलं, मग लघवीची १६ नंबरची फोली नळी टाकली, कारण नळी टाकल्यावर तो आकडा फसवा येऊ शकतो. नळीतून लघवी येऊन थांबली. गोळा अलगद वर उचलून धरल्यावर पुन्हा आली. पहिल्या दिवशी दर तासाची लघवी मोजायला लावली. तुंबारा सुटल्यावर ताशी २०० मिलीपेक्षा जास्त लघवी सलग होत राहिली तर पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. काकांचं तसं झालं नाही. क्रिएटिनिन उतरत १.३ वर आलं. एक्स-रेत उठून दिसणारं औषध पातळ करून नळीतूनच मूत्राशयात भरलं आणि फोटो काढला. ते शिरेत जात नसल्यामुळे मूत्रपिंडांवर ताण नव्हता. फोटोत मूत्राशय डमरूसारखं दिसलं: एक फुगा ओटीपोटात, दुसरा वृषणकोशात, मध्ये आवळलेली मान.

प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करणारं टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम सुरू करूनही नळी काढल्यावर लघवी होईना. म्हणून आधी युरोसर्जनकडून दुर्बिणीने प्रोस्टेट, आणि सहा आठवड्यांनी, लघवीचं कल्चर निर्जंतुक आल्यावर, हर्निया. दूषित लघवी आणि हर्नियाच्या भिंतीला आधाराला बसवायची नवी जाळी एकत्र येऊ देणं मला मान्य नाही.

ऑपरेशनच्या दिवशी नळी आधीच घातलेली होती. हर्नियाची पिशवी मोकळी करताना तिच्या शेजारी, शरीराच्या मध्यरेषेकडच्या बाजूला, पिवळी चरबी लागली, आणि तिच्याखाली जाडसर भिंत, आडव्या-उभ्या स्नायूंच्या दोऱ्यांची, वर शिरांचं जाळं. हर्नियाची पिशवी इतकी जाड आणि रक्ताळ नसते. इथे चिमटा लावायचा नाही, कापायचं नाही. मी भूलतज्ज्ञांना नळीतून निळं केलेलं २०० मिली सलाइन हळूहळू सोडायला सांगितलं. समोरची ती भिंत डोळ्यांदेखत फुगत गेली, बाहेर एकही निळा थेंब आला नाही. सलाइन काढून घेतल्यावर ती मऊ पडली. मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी मूत्रवाहिनी तर ओढली गेली नाही ना, हे नीट बघून मग सगळं बोटाने सोडवत मागे ओटीपोटात ढकललं. मूत्राशयाचा भाग कापायची वेळ क्वचितच येते: तो सडला असेल किंवा त्यात गाठ असेल तर. नकळत छेद गेलाच तर विरघळणाऱ्या धाग्याने दोन थरांत शिवायचं आणि नळी एक-दोन आठवडे ठेवायची.

पुढचं नेहमीचं: १५ बाय ७.५ सेंटिमीटरची पॉलिप्रॉपिलीन जाळी, जघनास्थीच्या उंचवट्यापुढे २ सेंटिमीटर ओलांडून, टाका हाडाच्या आवरणात न घेता. सलाइन हात राखून दिलं, कारण भरमसाट सलाइन आणि कमरेतली भूल एकत्र आली की मूत्राशय ताणून सुन्न पडतं.

नळी पाचव्या दिवशी काढली. लघवीनंतर ४० मिली उरली, पुढे धारेचा वेग सेकंदाला १६ मिली भरला. टॅमसुलोसिन बंद केलं. बद्धकोष्ठता होऊ न देणं आणि खोकल्यावर वेळीच इलाज, हे मुलाला लिहून दिलं. गोळा कडक होऊन दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा लघवी पूर्ण थांबली, तर सकाळची वाट न बघता यायचं, हे ज्यांचा हर्निया अजून शिवलेला नाही त्यांनाही मी सांगतो.

काकांना पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. टॅमसुलोसिन घेतलेल्यांच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा त्या ऑपरेशनमध्ये ढिला पडू शकतो, औषध थांबवल्यावरही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नेत्रतज्ज्ञांसाठी तेवढं लाल शाईने लिहिलं.