अठ्ठावीस शून्यं

"सगळी शून्यं घाला, सिस्टर."

आठव्या आठवड्याची भेट होती. माझे एक रुग्ण समोर, शेजारी त्यांच्या पत्नी आणि टेबलावर कॅलेंडर. दारूच्या व्यसनावरच्या औषधाचा अभ्यास आम्ही बऱ्याच केंद्रांत मिळून करतो. त्यात माझं मुख्य काम म्हणजे मागच्या भेटीपासूनचा एकेक दिवस रुग्णाकडून आठवून घेणं आणि त्या दिवशी किती दारू घेतली ते त्या चौकोनात नोंदवणं. "त्या मंगळवारी किती घेतलीत?" असं थेट विचारलं तर कुणालाच आठवत नाही. म्हणून आधी खुणेचे दिवस लावून घ्यायचे. पगार कधी झाला, पाहुणे कधी आले, भांडण कधी झालं. ते लागले की मधले दिवस हळूहळू सापडतात. त्याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

त्यांना वेळ लागलाच नाही. पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच २८ शून्यं काढली, एकसारखी, गोल गोल. पत्नी कौतुकाने बघत होत्या. मलाही मनापासून आनंद झाला.

दुपारी चौथ्या आठवड्याच्या रक्ताचा अहवाल हाती आला. आम्ही पेथ नावाची तपासणी करतो. हे द्रव्य शरीरात दारू गेली तरच तयार होतं, तांबड्या पेशींच्या आवरणात साठतं आणि साधारण दोन ते चार आठवडे रक्तात सापडतं. चौथ्या आठवड्यालाही त्यांनी सगळी शून्यंच लिहिली होती. आकडा मात्र सुरुवातीपेक्षा बराच उतरलेला असला, तरी दारू बंद झालेल्या माणसाचा नव्हता.

मला राग आला नाही, वाईट वाटलं. दोन महिने माझ्यासमोर बसून या माणसाला खरं बोलता आलं नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या केंद्रांची फोनवर बैठक होती. इतकी केंद्रं कशाला, असं लोक विचारतात. कारण या औषधांचा गुण येतो, पण तो माफक असतो, आणि थोड्या रुग्णांत तो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. आम्ही तपासतो त्या नालट्रेक्सोन या औषधाला दारूच्या व्यसनासाठी अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली. तरी पुढे कोणता उपचार कशाबरोबर द्यावा हे पाहण्यासाठी तिथल्या कंबाइन नावाच्या अभ्यासात ११ केंद्रांतून १३८३ रुग्ण घ्यावे लागले. त्याचे निष्कर्ष आले २००६ साली. आणि असल्या सगळ्या आकडेमोडीच्या तळाशी काय असतं, तर कॅलेंडरवरचे चौकोन.

मी नाव न घेता अडचण सांगितली. दुसऱ्या एका केंद्रातल्या सिस्टरने एवढंच विचारलं, "कॅलेंडर भरताना घरचं कुणी आत असतं का?"

असतं. नेहमीच असतं. घरच्यांचा आधार हवा म्हणून आम्हीच त्यांना आग्रहाने आत बोलावत होतो. समुपदेशनात तो आधार मोलाचा असतोच. पण बायकोसमोर प्यालेले दिवस मोजायला सांगणं म्हणजे त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं झालं. तिच्या केंद्रात नातेवाईक बाहेर थांबत, आणि कॅलेंडर व रक्त यांत एवढी तफावत पडत नसे. अभ्यासाच्या एकाच आराखड्यावर काम करणाऱ्या दोन खोल्यांत इतका फरक होता आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पुढे आराखड्यात दुरुस्ती झाली, नीतिसमितीची परवानगी घेऊन: कॅलेंडर भरताना रुग्ण एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकट्यांना बोलावलं. अहवालाचं सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आता काढून टाकाल ना मला?"

दारू घेतली म्हणून अभ्यासातून कुणाला काढत नाहीत, हे संमतिपत्रात लिहिलेलं आहे. पण इतक्या पानांत ते एकच वाक्य, तेही किचकट भाषेत. पहिल्याच दिवशी ते मी तोंडाने सांगायला हवं होतं.

मग ते बोलायला लागले. "पूर्वी बसलो की बाटली संपेपर्यंत उठायचो नाही. आता दोन पेग झाले की तिसरा नकोसा होतो. का ते कळत नाही." त्यांची गोळी नालट्रेक्सोनची की तशीच दिसणारी निष्क्रिय, हे मलाही माहीत नव्हतं. पण नालट्रेक्सोनचं काम नेमकं असंच असतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं दुसरं औषध घेऊन दारू प्यायली तर मळमळ, उलट्या, धडधड होते. नालट्रेक्सोनने तसं काही होत नाही. दारूतून मिळणारी मजा तेवढी फिकी पडते. आम्ही इतक्या जणांत हीच खूण शोधत होतो आणि इथे ती शून्यांखाली झाकली गेली होती.

नोंद दुरुस्त करण्याचा नियम कडक आहे. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी नवा आकडा, तारीख, सही. ज्याने लिहिलं त्यानेच करायचं. त्यांनी पेन घेतलं. एकेक दिवस आठवत रेघ मारायची, आकडा लिहायचा, सही करायची. तासभर गेला असेल.

"हे घरी कळेल?"

"माझ्याकडून नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही सांगा. हवं तर मी सोबत बसेन."

त्यांनी मान हलवली. पुढे एका चौकोनावर पेन थांबलं. मला वाटलं, आठवत नसेल. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे शून्य खरं आहे, सिस्टर. हे राहू द्या."