अ‍ॅक्युपंक्चर: वेदना शमली म्हणजे आजार बरा झाला का?

आपल्याकडच्या मोठ्या शहरांत अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या उपचाराच्या, दवाखान्याबाहेरचा फलक वाचू लागले की आजारांची यादी संपता संपत नाही. कंबरदुखी, मानदुखी आणि अर्धशिशीपासून निघालेली ती यादी दमा, मधुमेह, वंध्यत्व आणि अर्धांगवायूपर्यंत जाऊन पोहोचते, आणि सगळी नावे एकाच आकाराच्या अक्षरांत रंगवलेली असतात. माझ्या थोरल्या बहिणीला अर्धशिशीच्या त्रासात या उपचाराने चांगला आराम पडला, तेव्हापासून मला या पद्धतीविषयी आस्था आहे. त्या आस्थेपोटीच मी याविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि वाचत गेले तशी फलकावरच्या त्या यादीची काळजी वाटू लागली.

अशा लांबलचक याद्यांना एक जुना आधार आहे. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बीजिंगमध्ये भरवलेल्या चर्चासत्रातून ४३ विकारांची यादी पुढे आली. ती प्रामुख्याने वैद्यांच्या अनुभवावर बेतलेली होती, नियंत्रित चाचण्यांवर नव्हे, आणि हे त्या वेळी स्पष्टपणे लिहिलेही गेले होते. यादी जगभर पसरली; तो खुलासा मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

अर्धशिशीबाबत आज बरीच भक्कम माहिती हाती आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनंतर डोकेदुखीचे प्रमाण निम्म्यावर आलेले रुग्ण शंभरात सुमारे ५० होते, तर दिखाऊ, म्हणजे तुलनेसाठी केवळ देखावा म्हणून केलेल्या अ‍ॅक्युपंक्चरनंतर ४१. झटके टाळण्यासाठी रोज घ्यायच्या औषधांच्या तुलनेतही ही पद्धत मागे पडली नाही. उपचारांविषयी मार्गदर्शक शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनेही, ती औषधे लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तर, पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका घेऊन पाहाव्यात असे सुचवले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटांवर असलेल्या ‘नेइगुआन’ या बिंदूचा उपयोग होतो, हेही अनेक चाचण्यांतून दिसले आहे.

कंबरदुखीचे चित्र जरा गुंतागुंतीचे आहे. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी अवघ्या २७.४ टक्क्यांना. म्हणजे रुग्णाला फायदा झाला हे खरे, पण सुई नेमक्या कोणत्या बिंदूवर टोचली याला पारंपरिक शास्त्र देते तेवढे महत्त्व या आकड्यांत दिसत नाही. मला यात निराश होण्यासारखे काही वाटत नाही. वर्षानुवर्षे कंबर धरून बसलेल्या माणसाला आराम मिळत असेल, तर तो कुठल्या वाटेने आला हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. रुग्णाने तो आराम घ्यावा.

दम्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर चालत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका लहान पण अतिशय बोलक्या चाचणीत त्याच रुग्णांना आळीपाळीने औषधाचा इन्हेलर, औषध नसलेला इन्हेलर आणि दिखाऊ अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले. एका पाळीत कोणताच उपचार दिला नाही. ‘किती बरे वाटले?’ या प्रश्नावर पहिल्या तिन्ही उपचारांना जवळपास सारखीच उत्तरे मिळाली, पन्नास टक्क्यांच्या आसपास सुधारणेची. पण फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजली, तेव्हा औषधाच्या इन्हेलरने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली होती आणि बाकी तिन्ही वेळा सुमारे ७ टक्क्यांनीच. माणसाला मोकळे वाटत होते आणि श्वासनलिका आखडलेल्याच होत्या. अशा रुग्णाने बरे वाटते म्हणून पंप बाजूला ठेवला, तर पुढच्या झटक्यात काय होईल हे सांगायला नको. वेदना ही रुग्णाच्या जाणिवेतच असते, त्यामुळे तिथे ‘बरे वाटणे’ हेच बरे होणे. दम्यात, रक्तातल्या साखरेत किंवा रक्तदाबात ते तसे नसते.

वंध्यत्वाविषयी तर फार हळवी आशा बाळगून जोडपी येतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या ८४८ स्त्रियांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांत १८.३ टक्के स्त्रियांना मूल झाले आणि दिखाऊ उपचार घेतलेल्यांत १७.८ टक्के. हा फरक नगण्य आहे, आणि असे पैसे घेण्यापूर्वी त्या जोडप्याला तो सांगितला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अ‍ॅक्युपंक्चर म्हटले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, पण त्यांचे काम शल्यचिकित्सकाचे होते. ही विद्या तिथे शिकून भारतात रुजवली ती त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५०च्या दशकाच्या अखेरीनंतर. आता महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला मान्यता दिली आहे. कायद्याने प्रतिष्ठा दिली, तेव्हा फलकावर काय लिहावे याची जबाबदारीही उपचारकांवर आली.

उपचार घ्यायचाच असेल, तर आधी नोंदणी विचारावी. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, आणि पाकीट आपल्यासमोर फोडले जावे. छातीत किंवा खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होते. म्हणून नंतर धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर ते सुरुवातीलाच सांगावे. आणि चालू असलेली गोळी, इन्सुलिन किंवा पंप बंद करा असे कोणी म्हणाले, तर ज्या डॉक्टरांनी ते लिहून दिले त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.