सर्वांहून हट्टी कोड: अर्धा र आणि रफार-अनुस्वाराचा तिढा

तिढा सुटला. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मराठी फायली युनिकोडात, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-प्रमाणात, नेणारा रूपांतरक मी लिहितोय. जुन्या आठ-बिटी फॉन्टमधल्या फायलींतून 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'कऱ्हाड' हे शब्द आता धड बाहेर पडतात आणि त्यांच्या शेजारचे 'सर्वांना', 'वर्षांनी' मोडत नाहीत. मागच्या नोंदीपर्यंत एक नीट केलं की दुसरं बिघडत होतं.

वेलांटीचं काम आधीच संपलंय. 'स्थिती'तली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात सगळ्यात आधी टाइप होते, युनिकोडात ती 'स्थ'च्या नंतर जाते. रफाराचं याच्या उलट. अर्धा ग अधिक काना म्हणजे ग, हेही रूपांतरकातलं स्टेट मशीन (आधी काय आलं ते लक्षात ठेवून पुढचं ठरवणारा भाग) आता बिनतक्रार ओळखतं. एवढ्यावर खूश होतो तोवर वडिलांच्या छापखान्यातल्या स्मरणिकांच्या फायली घेतल्या आणि सगळं अडलं.

कारण असं. जुन्या फॉन्टात प्रत्येक आकाराला एक क्रमांक, म्हणजे कोड असतो. आठ बिटांत जागा २५६, त्यातल्या पहिल्या ३२ वापरता येत नाहीत. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण म्हणून इस्की १९९१ मध्ये आलं होतं, पण ते अक्षरांचं. आकारांची मांडणी फॉन्ट बनवणाऱ्याने आपापली केली. माझ्याकडच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या आहेत, नाव अक्षरशः एकच, आणि एका कोडवर पहिलीत अर्धा र आहे तर दुसरीत रफार-अनुस्वाराची जोडी. फाइलमध्ये फक्त फॉन्टचं नाव असतं. आवृत्ती कुठेच नसते.

'दुसऱ्या' म्हणजे दु, स, तो कोड, या. 'सर्वांना' म्हणजे स, व, काना, तोच कोड, ना. कोणता कोड म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता चुकीच्या आवृत्तीचा लावला की पहिल्याचं 'दुर्संया' होतं, दुसऱ्याचं 'सवाऱ्ना'. यातली डोकेदुखी अशी की युनिकोडातून परत जुन्या फॉन्टात नेऊन बाइट ताडून पाहण्याची चाचणी दोन्ही वेळा हिरवी, म्हणजे पास! तक्ता जाताना आणि येताना एकच असेल तर चूक स्वतःला झाकून घेते. ही चाचणी मी अजूनही प्रत्येक रूपांतरकाला सक्तीची मानतो, पण ती मजकूर हरवला नाही एवढंच सांगते, मजकूर बरोबर आहे हे सांगत नाही. त्यासाठी छापलेला अंक समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागली.

वाचता वाचताच वाट सापडली. मराठीत अर्ध्या र-च्या पुढे जवळजवळ नेहमी य किंवा ह येतो. मग नियम सोपा: पुढे य-ह असेल तर अर्धा र, नाहीतर रफार-अनुस्वार. बहुतेक फायली यावर सुटल्या. आणि मग एका लेखात 'सर्वांहून' आला. नियमाने त्याचा 'सवाऱ्हून' केला. 'वर्षांहून', 'विद्यार्थ्यांहून', सगळे तसेच.

म्हणून आता एकट्या शब्दाला विचारत नाही, परिच्छेदाला विचारतो. काही जागा स्वतःच पुरावा असतात. शब्दाच्या सुरुवातीला तो कोड आला तर तो अर्धा रच, कारण रफाराला बसायला मागे अक्षर नाही: 'ऱ्हास', 'ऱ्हस्व'. शब्दाच्या शेवटी आला तर तो अर्धा र असूच शकत नाही. पुढे न, च, त, ल असेल तरी रफार-अनुस्वारच. हे खात्रीचे पुरावे मोजायचे आणि 'सर्वांहून'सारखे संशयित त्यांच्या बाजूने लावायचे. फाइलवार मोजून चालत नाही. स्मरणिकेतले लेख वेगवेगळ्या ठिकाणी टाइप होऊन पानं मांडायच्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या एकाच फाइलमध्ये चिकटवलेले असतात. परिच्छेदवार मोजल्यावर 'सर्वांहून' जसाच्या तसा आला. फार बरं वाटलं.

पुढचा धक्का शोधाच्या टप्प्यावर बसला. अर्धा र साठवायचे दोन मार्ग आहेत: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. मी पहिला निवडला. जॉइनर अदृश्य असतो, आणि अदृश्य गोष्टी कुणीतरी 'साफ' करतंच. पण शोध-सूचीसाठी घेतलेली तयार लायब्ररी आधी एनएफडी करते, म्हणजे जोडून साठवलेली अक्षरं सुटी करते. त्यात ऱ फुटून र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) होतो. मग ती नुक्ता काढून टाकते, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातला मजकूर समुद्रात!

देवनागरी म्हणजे हिंदी हे गृहीत धरून लिहिलेल्या कोडचा मला मनापासून राग आहे. हिंदीत नुक्ता गाळला तर फार बिघडत नसेल. मराठीत त्याने शब्द बदलतो. लायब्ररी काढून टाकली. आता फक्त एनएफसी, म्हणजे सुटे भाग परत जोडणारी पद्धत, त्यात ऱ अखंड राहतो, आणि वर माझा छोटा नियम: अ अधिक ॅ दिसलं की ॲ (यू+०९७२). हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं आणि जुन्या जोडीशी त्याचं अधिकृत नातं नाही, म्हणजे कुठलंही नॉर्मलायझेशन (एनएफडी, एनएफसीसारखं एकसारखं करणं) ते जुळवून देत नाही. 'ॲप' शोधल्यावर दोन्ही प्रकार मिळायला लागले.

साधनांबद्दल थोडं. पायथन भाषेतलं मजकुरात नमुने शोधायचं अंगभूत 'आरई' मॉड्यूल देवनागरीला वापरू नका. त्यातलं बॅकस्लॅश-डब्ल्यू हे 'शब्दातलं अक्षर' दाखवणारं चिन्ह मात्रांना अक्षर मानत नाही आणि 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे पाडतं. वेगळं मिळणारं 'रेजेक्स' मॉड्यूल घ्या. आणि आकार तपासायला हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीचं एचबी-शेप. ते ग्लिफांची, म्हणजे फॉन्टमधल्या आकारांची, नावंच छापतं, त्यामुळे रफार की अर्धा र हे डोळे ताणून ठरवावं लागत नाही आणि थेट चाचणीत घालता येतं.

मी काय करतो असं नव्या मित्रांनी विचारलं होतं म्हणून: माझी नोकरी बँकेच्या व्यवहारांच्या प्रणालीवर आहे, आणि हे काम रात्रीचं. छापखान्यात वाढलो, लग्नपत्रिकांची प्रुफं वाचून शुद्धलेखन शिकलो, कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंग भाषा. त्या छापखान्याने छापलेल्या अंकांचे कागद आजही वाचता येतात, फायली मात्र फॉन्ट गेला की मुक्या होतात. म्हणून मूळ बाइट मी कधीच पुसत नाही. रूपांतर नेहमी शेजारी वेगळ्या फाइलमध्ये, साध्या मजकुरात.

हे लिहिताना एक सुचलं. य-हचा नियम खास या कोडसाठी आहे, पण दोन आवृत्त्यांत आणखी काही कोड वेगळे आहेत. त्यापेक्षा प्रत्येक परिच्छेद दोन्ही तक्त्यांतून काढायचा आणि अशक्य रचना मोजायच्या: मात्रेवर मात्रा, शब्दाच्या सुरुवातीला रफार, अर्ध्या र-पुढे न. ज्यात कमी, तो तक्ता. तसं झालं तर आत्ता सांगितलेला नियम काढूनच टाकता येईल, आणि तिसरी आवृत्ती निघाली तरी फक्त तक्ता वाढवायचा. त्यामुळे पेजमेकरच्या सारण्यांचं काम पुढे ढकलतोय. 'दुर्संया' मात्र रचनेने अशक्य नाही, त्यामुळे अगदी छोट्या परिच्छेदांना, मथळ्यांना, शेजारच्या परिच्छेदाचा कौल द्यावा लागेल असं दिसतंय. कुणी मथळ्यांसाठी शब्दयादी वापरून पाहिली असेल तर अनुभव सांगा.