डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर…

डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत तो एका दमात उलटा आला. कुठेच अडखळला नाही आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमची मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर. व्यायाम घेणारी नव्हे. घोटे बांधणारी, दुखापत ओळखणारी, वेळ आली तर पोराला खेळातून बाहेर काढणारी.

शुक्रवारची रात्र, तिसरा क्वार्टर. 16 वर्षांचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, समोरच्याला टॅकल करून, म्हणजे धरून पाडून, उठला आणि दोन पावलं झोकांडत गेला. त्याला बाहेर घेतलं आणि सगळ्यात आधी हेल्मेट ताब्यात घेतलं. ते माझ्या हातात असलं की पोरगं डोळा चुकवून मैदानात घुसू शकत नाही.

महिने उलटे म्हणायला लावणं ही कन्कशनची, म्हणजे मार बसून मेंदू हादरल्याची, नेहमीची चाचणी. ऑगस्टमधल्या बेसलाइनला, म्हणजे धडधाकट असताना तुलनेसाठी घेतलेल्या चाचणीला, हाच मुलगा जुलैवर अडला होता. पोरं आता पाठ करून येतात. काही तर बेसलाइनच मुद्दाम बिघडवतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसू नये. म्हणून आकडे उलटे विचारले. "चार, नऊ, तीन." "तीन…" म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गवतावर 3 मीटर टेप चिकटवून पावलाला पाऊल लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला.

खरं तर त्या झोकांडीनंतर चाचणीची गरजच नव्हती. 2022 मध्ये मायामी संघाचा टुआ टागोवायलोआ बफेलोविरुद्ध असाच अडखळला, पाठीचं कारण धरून परत खेळला आणि चार दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर कुठे एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, नियम कडक केले.

कोच दोनदा विचारून गेला, "पाच मिनिटांनी सोडशील?" माणूस वाईट नाही, पण स्कोअर बघितला की त्याला पोरगं दिसेनासं होतं. आई कठड्याशी आली. "हेल्मेट सगळ्यात महागाचं घेतलंय हो आम्ही." हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदूला हिसका बसतो तो ते थांबवू शकत नाही, हे त्या गोंगाटात मी तिला कसंबसं सांगितलं.

शनिवारी व्हिडिओ पाहिला. पहिला मार दुसऱ्या क्वार्टरमध्येच लागला होता. उठताना त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. त्याच फ्रेमच्या कडेला मी, पाठमोरी, दुसऱ्या मुलाच्या घोट्याला टेप गुंडाळतेय. 50 पोरांमागे एक ट्रेनर ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, पण पाठ माझीच होती. त्यानंतर तो 18 प्ले, म्हणजे चेंडूचे 18 डाव, खेळला. मी मोजले. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर या वयात मेंदू सुजून जीवही जाऊ शकतो.

सोमवारी तो माझ्या खोलीत आला, दिव्यामुळे डोळे बारीक करून. विचारलं, "दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुला कळलं नव्हतं का रे?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडेच बघितलं. तुम्ही बघत नव्हता."