दोल्मुशचा रिटर्न रूट आणि माझ्या तीन रात्री

परदेशात गेलो की तिथल्या बस, ट्रामचे रूट ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, चढवायचा मला नाद आहे. इस्तंबूलला मेट्रो, मारमाराय (समुद्राखालून जाणारी रेल्वे) सगळं आधीच कुणीतरी नीट टाकलेलं, म्हणून मी कादिकॉय आणि बोस्तांजी या तिथल्या दोन भागांमधलं दोल्मुश धरलं. दोल्मुश म्हणजे आपलं वडापच, शब्दाचा अर्थही 'भरलेलं', गाडी भरली की सुटते. पैसे मागून पुढे हातोहात ड्रायव्हरकडे जातात, सुटे तसेच मागे येतात, आणि उतरायचं असलं की 'मुसाइत बीर येर्दे' म्हणायचं, म्हणजे सोयीच्या जागी थांबवा.

बोस्तांजीहून कादिकॉयला येतानाचा रूट मोबाईलवर जीपीएस ट्रॅक चालू ठेवून झाला. अडलं ते परतीला. बादात जाद्देसी, म्हणजे बगदाद रस्ता, बोस्तांजीकडून कादिकॉयकडेच वन वे आहे, त्यामुळे बोस्तांजीला जाणारी गाडी वेगळ्याच रस्त्याने जाते आणि येतानाचा रूट उलटा करून टाकला तर तो चक्क खोटा ठरतो. २०११ च्या पद्धतीप्रमाणे दोन्ही दिशांची वेगळी रिलेशन, म्हणजे रूटमधल्या रस्त्यांची क्रमवार यादी, करायची आणि मग ती रूट मास्टर नावाच्या एका सामायिक नोंदीत जोडायची, इथपर्यंत मला माहीत होतं. पण जोसममध्ये (हा नकाशा संपादित करायचा प्रोग्राम) रिलेशन उघडलं की उजवीकडे रस्त्यांची जी साखळी दिसते ना, ती एका जागी तुटायची ती तुटायचीच. पहिल्या रात्री मी सगळे रस्ते काढून परत एकेक टाकले, तरी तुटलेलीच. दुसऱ्या रात्री डोकं एवढं तापलं की अर्धवट काम तसंच अपलोड करून टाकावंसं वाटलं, बरं झालं नाही केलं.

तिसऱ्या रात्री अगदी झूम करून बघितलं तेव्हा कळलं, गाडी ज्या चौकात वळते तिथे रस्ता संपतच नव्हता, तीच एक रेघ सरळ पुढे गेलेली, म्हणून पुढचा रस्ता तिला जुळत नव्हता. चौकाचा बिंदू आणि ती रेघ निवडून पी दाबायचं, रेघ तिथे दुभंगते, एवढंच! मात्र त्याआधी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बाकीच्या बसची रिलेशन पूर्ण डाउनलोड करून घ्या, नाहीतर आपलं जुळवताना दुसऱ्याच्या रूटमधल्या रस्त्यांचा क्रम बिघडतो. मी घेतली होती, आणि त्याचं मला खरंच समाधान आहे.

अडलात तरी गुगलचा नकाशा बघून रूट उतरवू नका, लायसन्समध्ये ते बसत नाही, स्वतः बसून जा. दोल्मुशच्या रिलेशनला route=bus हा टॅग नाही, route=share_taxi लावायचा. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, खिडकीजवळची सीट मिळेपर्यंत थांबा, एक गाडी गेली तरी चालेल. मधल्या सीटवरून घेतलेला माझा पहिला ट्रॅक मधेच इमारतींवरून गेला होता, त्यासाठी परत तीच फेरी मारावी लागली.