पतंगाच्या आकाराची बिस्किटं

आज नाताळची सुट्टी, म्हणून भाचरं सकाळीच बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी येऊन थडकली. रंगीत शुगर कुकीज करायच्या होत्या, आणि तेही घरचेच रंग वापरून.

२५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि लागेल तसं दूध. अंडं नाही, आईला चालत नाही. पहिला घाणा मात्र बिघडला. पोरांना दम नव्हता, मी कणीक गार न करताच लाटली आणि ओव्हनमध्ये चांदण्यांचे नुसते गोळे झाले. लोणी मऊ असलं की आकार पसरतो. मग गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवला आणि १८० डिग्रीला १० मिनिटं भाजलं. कडा जेमतेम बदामी झाल्या की काढायच्या, गार झाल्यावर त्या कडक होतात.

आई म्हणाली, "अगं, शंकरपाळ्यासारखंच तर आहे!" आणि सुरीने चौकोन तिरके कापत सुटली. धाकटा ओरडला, "आजी, हे पतंग आहेत!" झालं, चांदण्या राहिल्या बाजूला. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आता तीन आठवड्यांवर, बडोद्यातल्या पोरांना दुसरं काय दिसणार!

पिठीसाखरेत बीटाचा रस घालून गुलाबी केला, लिंबाचे दोन थेंब टाकल्यावर तो आणखी खुलला. पिवळ्यासाठी हळद अगदी नखभर, नाहीतर वास येतो. धाकट्याने टूथपिकने प्रत्येक पतंगाला कण्णी काढली, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. मला त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

एक डबा शेजारच्या काकूंकडे गेला. एक पतंग आईने देवापुढे ठेवलाय.